चोवीस नळ्या

सिरोंच्याची मोटार चांद्याहून पहाटे पाचला सुटायची आणि दुपारी तीनला पोहोचायची. मी गेलो त्या दिवशी ती संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पोहोचली. पुढे जे झाले ते या चार तास वीस मिनिटांमुळे झाले, असे मी पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो. हिशेब तसा बसतोही. पण आता मोठी मुलगी सासरी गेली, नोकरीची थोडीच वर्षे उरली. जे झाले ते झाले तसे एकदा लिहून ठेवावे असे वाटते.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा होता. मी देवी डॉक्टर होतो. डॉक्टर म्हणजे काही शिकलेला डॉक्टर नव्हे. गावोगाव फिरून देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, त्यालाच लोक देवी डॉक्टर म्हणत. तोवरचे माझे सगळे काम आरमोरी आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला झालेले. धानाची गावे, नात्यागोत्याची माणसे. कोणाच्या घरी किती पोरे आणि त्यातले कोणते पोर मला पाहून कोठीत लपते, हे मला तोंडपाठ होते. सिरोंचा जिल्हा आमचाच, पण मी तो फक्त नकाशात पाहिलेला. तिथे बाजारात तेलुगू चालते, नदी ओलांडली की आंध्र. आरमोरीच्या माणसाला तो परमुलूखच.

सिरोंच्याच्या दवाखान्यातून तार आली की दोन मोहल्ल्यांत देवी निघाल्या आहेत, अकरा आजारी, तीन गेले. तिथला टोचणारा रजेवर होता, म्हणून मला पाठवले. निघताना आमच्या वरिष्ठांनी मला लशीच्या चोवीस नळ्या मोजून दिल्या. बोटाएवढ्या लांब, काडीसारख्या बारीक काचेच्या नळ्या, दोन्ही तोंडे मेणाने बंद केलेली. एका नळीत दहा जणांपुरती लस. म्हणजे दोनशे चाळीस दंड. त्या सगळ्या एका पत्र्याच्या नळकांड्यात, नळकांडे बर्फ भरलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासात, थर्मास धानाचा कोंडा भरलेल्या लाकडी डब्यात, आणि डब्याला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. वरिष्ठ म्हणाले, “लस म्हणजे लोणी समजा. उन्हात राहिलं की संपलं.” हे वाक्य मी पुढे कितीतरी नव्या पोरांना ऐकवले आहे.

वळकटी पाठीवर दोरीने बांधली होती, डबा पट्ट्याने खांद्याला, हातात पिशवी. पिशवीत रजिस्टर, टोचायची हत्यारे, स्पिरिटची बाटली, पाण्याचा तांब्या आणि बायकोने दिलेल्या नऊ दशम्या.

आष्टीजवळ वैनगंगेच्या पात्रात घातलेल्या उन्हाळी रपट्यावरून मोटार नीट पार झाली. आलापल्लीपर्यंत वेळेत होतो. आलापल्लीला माझ्या शेजारी एका लाकूड ठेकेदाराचा मुनीम येऊन बसला. मी डबा मांडीवर घेऊन का बसलो आहे, असे त्याने विचारले. मी सांगितले नाही. तेवढ्यावर तो समजून घेतल्यासारखा हसला आणि सिरोंच्याची माहिती देऊ लागला. तिथे उशालाही काही ठेवू नका, म्हणाला. रात्री नदीपलीकडून लोक येतात, पाण्यात कंबरभरच उतरावे लागते, आणि सकाळी माल दुसऱ्या राज्यात पोहोचलेला असतो. मग पोलिसांनी कोणत्या राज्याचा कागद करायचा? त्याच्या स्वतःच्या दोन छत्र्या, एक कंदील आणि चामडी जोडे असेच गेले होते. मी मनात मोजले, चार वस्तू. बनवून सांगणारा माणूस इतक्या नेमक्या वस्तू सांगत नाही, असे मला तेव्हा वाटले.

आलापल्लीच्या पुढे बारा-तेरा मैलांवर मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. भर सागवानात, पाने झडून गेलेली, सावली नावाला. ड्रायव्हरने साज्याच्या झाडाचा ओंडका आणि दोरखंड लावून पाटा बांधला, त्यात पावणेचार तास गेले. बाकीचे उतारू झाडाखाली आडवे झाले. मी डब्यावर ओला पंचा टाकून त्याच्यावर स्वतःची सावली धरून बसलो होतो. दोनदा कुलूप काढून बोट घालून पाहिले. बर्फ अर्धा उरला होता आणि पाणी गार होते. दोन्ही वेळा मुनीम मान वळवून पाहत होता.

सिरोंच्याला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. दवाखान्याचा शिपाई मला न्यायला येणार होता. तो तीन वाजल्यापासून सहापर्यंत थांबून गेला, असे चहाच्या टपरीवाल्याने हाताने आणि अर्ध्या हिंदीने सांगितले. दवाखान्याला कुलूप. डॉक्टर दौऱ्यावर, कंपाउंडरचे घर कोणाला धड सांगता येईना. डाक बंगल्यात जंगल खात्याचे साहेब उतरलेले, चौकीदाराने फाटकही उघडले नाही. धर्मशाळेच्या दाराला आडवा बांबू आणि लिंबाचा डहाळा. तिच्या मागच्याच मोहल्ल्यात साथ होती, म्हणून ती बंद ठेवली होती. मी जिथे विचारी तिथे चार माणसे जमत, आपसात तेलुगूत बोलत, माझ्याकडे नाही तर माझ्या खांद्यावरच्या डब्याकडे पाहत, आणि एकाच वेळी तीन दिशांना हात दाखवत.

एक तास असा गेला. पाठीवरची दोरी काखेत रुतत होती. कुत्री मागे लागली होती. त्यात मला कळले की माझ्या मागे कोणीतरी चालते आहे. मी थांबलो की ते थांबे. वळून पाहिले तर कंदील खाली धरलेला एक म्हातारा, हातात काठी. मी गल्ली बदलली, तोही वळला. शेवटी मी एका भिंतीला पाठ लावून, डबा पोटाशी धरून उभा राहिलो. तो चार हातांवर आला आणि कंदील वर करून त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

“भाऊ,” तो म्हणाला, “तुमी लोकायची दारं काऊन मोजून राह्यले?”

आमच्या बाजूची बोली त्याच्या तोंडून ऐकून मी आधी चमकलोच. मग लक्षात आले की मी खरेच दारे मोजत होतो. ज्या घरात देवी आलेली असेल त्या घराच्या दाराला लिंबाचा डहाळा लावतात. मी चालता चालता, सवयीने, बोट करून असे डहाळे मोजत आलो होतो. सतरा झाले होते. तारेत आजारी अकरा होते, म्हणजे साथ वाढली होती. पण त्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर अंधारात एक परका माणूस, पाठीवर गाठोडे, आणि तो बोट दाखवून घरे मोजत चाललेला. तो मला चोर समजून मागे लागला होता. मी त्याला चोर समजून गल्ल्या बदलत होतो.

मी देवी डॉक्टर आहे म्हणून सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने रजिस्टर दाखवायला लावले, कंदील जवळ धरून शिक्का पाहिला. वाचता येत नव्हते, पण शिक्का ओळखला. मग काठी काखेत धरून म्हणाला, “चला मंग. रस्त्यावर राहसान तर रातभर असेच मोजत बससान.”

तो मुसलमान कल्हईवाला होता. भांड्यांना कल्हई करत आलापल्ली, अहेरी, चांद्यापर्यंत पायी हिंडायचा, म्हणून बोली येत होती. तिथल्या रिवाजाने मी त्याला चाचा म्हटले. घर दोन खोल्यांचे, पुढे अंगण, अंगणात भाता आणि विझलेली भट्टी, सगळीकडे नवसागराचा वास. अंगणापलीकडे तीन घरांची मिळून एक विहीर. घरात त्याची बायको आणि अडीच वर्षांची नात. मुलगा आणि सून घुग्घुसला, खाणीच्या कामावर. पोरीला तिथल्या धुळीत खोकला लागला म्हणून सहा महिन्यांपूर्वी इथे आणून सोडली होती. आता इथे ही साथ. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता पोरीकडे बघत होता. पोर खाटेवर उघडीच झोपली होती. मी कंदिलाच्या उजेडात तिचे दोन्ही दंड पाहिले. टोचल्याची खूण नव्हती.

“हिले पहिली टोचून द्या,” तो म्हणाला. “सकाळी. सगळ्यायच्या पहिले.”

मी बरे म्हटले.

त्याने पाणी दिले, मी माझ्या तांब्यातले प्यालो. त्याच्या ते लक्षात आले आणि त्याने पुन्हा विचारले नाही. मी माझ्या दशम्या खाल्ल्या, त्याने त्याची भाकर. तो डबा चुलीकडच्या कोपऱ्यात ठेवू लागला तेव्हा मी तो घाईने ओढून घेतला, आणि सांगितले की यात लस आहे, ती थंड राहिली पाहिजे, उष्णता लागली तर सगळ्या गावाची लस वाया जाईल. त्याने हे आत बायकोला त्यांच्या बोलीत समजावले. ती पडद्यामागून काहीतरी म्हणाली. मग तो डब्याजवळ उकिडवा बसला, कडी हलवून पाहिली, बिजागरीवर अंगठा फिरवला, डब्याच्या तळाखाली हात घालून वजन पाहिले.

आता मला कळते की पत्रा आणि जोड यांवरच ज्याचे आयुष्य गेले त्याचा हात तिथेच जाणार. कडीचा एक खिळा खरोखर सैल होता. पण त्या रात्री मी फक्त एक माणूस कुलूप कसे निघेल ते पाहतो आहे, एवढेच पाहिले.

माझी खाट अंगणात टाकली. ते दोघे आत गेल्यावर मी डबा खाटेखाली घेतला, त्याचा पट्टा खाटेच्या पायाला बांधला, आणि पडल्या पडल्या विचार केला. चोर नेईल तर काय नेईल? डबा आणि थर्मास. थर्मास तेव्हा मोठी वस्तू होती. नळ्यांचा त्याला काही उपयोग नाही, तो त्या फेकून देईल. म्हणजे नळ्या डब्यातून काढून ठेवल्या तर चोरी झाली तरी लस वाचते. डबा गेला तर सरकारचे नुकसान, नळ्या गेल्या तर गावाचे. इतके सरळ गणित होते. मी उठून बसलो, आवाज न करता कुलूप काढले, नळकांडे उचलले. पाणी अजून गार होते. बोटांना लागलेला तो गारवा मला आजही आठवतो, कारण तेवढ्यावरच मी थांबायला हवे होते. मी नळकांडे पुसले, रुमालात गुंडाळले, धोतराच्या कमरेला आतून बांधले, वर बंडीची गुंडी लावली. एका रात्रीने काय होते, असे मी स्वतःशी म्हटले. रिकाम्या डब्याला कुलूप लावले आणि झोपलो.

जाग आली तेव्हा चंद्र वर आला होता. मी आधी कमरेला हात लावला. नळकांडे होते. मग खाटेखाली हात घातला. पट्टा सोडलेला होता आणि डबा नव्हता.

मी ओरडलो नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. माझा अंदाज बरोबर निघाला होता. मुनीम बरोबर होता, मी बरोबर होतो, आणि चोवीस नळ्या माझ्याजवळ होत्या. आता आरडाओरडा केला तर ते माझी झडती घेतील, नळ्या हातात पडतील, त्यापेक्षा उजाडेपर्यंत गप्प राहावे आणि पोलिसांकडे जावे, असे मी ठरवले. खाटेवरून उठून अंगणाच्या दाराजवळ भिंतीला टेकून बसलो. दोन्ही हातांनी पोट धरून. हवा पडलेली होती, भिंत दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती. मी घामाने भिजलो होतो आणि नळकांडे कातडीला चिकटले होते. विहिरीकडे कोणीतरी बसल्यासारखे दिसत होते. तो त्यांचा पहारा असावा, असे मी धरून चाललो. मी पळू नये म्हणून.

असा मी साडेतीन-चार तास बसलो.

फटफटले तशी विहिरीजवळची आकृती उठली. ती चाचाची म्हातारी होती. तिने रहाटाच्या खांबाला बांधलेली दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी, थांबत थांबत, काहीतरी वर ओढले. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माझा डबा. चाचा आतून येऊन पुढे झाला, त्याने गोणपाट काढले, डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

“घ्या डाक्टर. गारेगार आहे.”

तो सांगत राहिला. मी झोपल्यावर बायको म्हणाली, थंड ठेवायचे आहे तर विहिरीसारखी जागा नाही. दूध ठेवतो, आंबे ठेवतो, मग दवा का नाही? मला गाढ झोप लागली होती, उठवावेसे वाटले नाही. पाण्याच्या वर दोन हात डबा टांगला. पण विहीर तीन घरांची, रात्री कोणी पाणी काढले तर बादली डब्यावर आदळेल, म्हणून ती तिथेच बसली. कोण आले तर सांगायला.

आमच्या आरमोरीच्या घरीही दुधाचा गडवा उन्हाळ्यात विहिरीत सोडतात. लहानपणी ते काम माझेच होते. त्या रात्री विहीर माझ्यापासून पंधरा पावलांवर होती, आणि तिचा उपयोग मला सुचला नव्हता. त्यांना सुचला होता.

मी डबा उचलून भिंतीआड गेलो, कुलूप काढले, कमरेचे नळकांडे सोडले. ते माझ्या अंगाइतकेच गरम होते. थर्मासातले पाणी गार होते. मी नळकांडे त्यात बुडवले आणि झाकण लावले.

तेव्हाच सांगता आले असते. मी स्वतःला पुढील कारणे दिली: लस एका रात्रीत मरतेच असे नाही, नवी मागवायला दहा-बारा दिवस लागतील, आणि सतरा दारांना डहाळे आहेत. तिन्ही खरी होती. चौथे कारण असे की सांगायचे म्हणजे कमरेला का बांधले तेही सांगावे लागले असते.

शब्द दिल्याप्रमाणे पहिली नळी चाचाच्या नातीसाठी फोडली. तिने माझ्या हाताला चावा घेतला, म्हातारी पडद्यामागून हसली. चाचा पोरीला कडेवर घेऊन माझ्याबरोबर मोहल्ल्यात फिरला. सिरोंच्यात लोक देवीला पोचम्मा म्हणतात, आणि टोचणाऱ्याला पाहिले की दारे लावतात. टोचल्याने पोचम्माचा कोप होतो असा समज. चाचा दारासमोर उभा राहून नातीचा दंड दाखवी आणि तेलुगूत सांगे. काय सांगे, ते मी एकदा विचारले. तो म्हणाला, “सांगतो का माझ्या घरची पहिली टोचली. डाक्टर माझ्याच घरी झोपला, दवा मीच सांभाळली.” त्यावर दारे उघडत. दोन दिवसांत चोवीस नळ्यांतून मी दोनशे तेरा जणांना टोचले. इतकी माणसे मी स्वतःच्या गावातही दोन दिवसांत टोचली नव्हती.

मुक्काम मी पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या ओसरीत हलवला. आठव्या दिवशी दंड तपासायचे असतात. लस लागली असेल तर फोड उठतो, नाहीतर नुसती खरचटल्याची खपली पडून जाते. मी चाचाच्या घरापासून सुरुवात केली. नातीचा दंड कोरा होता. शेजारच्या घरात तीन पोरे, तिन्ही कोरी. मी रजिस्टर घेऊन संध्याकाळपर्यंत फिरलो. दोनशे तेरापैकी अठ्ठेचाळीस जणांच्या दंडावर फोड उठले होते. एकशे पासष्टांच्या नाही. माझ्या नोकरीत चांगल्या लशीचे असे कधी झाले नव्हते. शंभरात नव्वद तरी उठत.

रजिस्टरात शेवटी कारणाचा रकाना असतो. मी लिहिले, ‘प्रवासात उष्णता लागल्याने’. डॉक्टर दौऱ्यावरून परत आले होते, त्यांनी वाचून सही केली आणि मोटारीला नावे ठेवली. चांद्याला तार गेली.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी चाचाकडे गेलो. तो भट्टीपुढे बसून एका पातेल्याला कल्हई लावत होता. पोर शेजारी राखेत खेळत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले की त्या रात्री डब्यात लस नव्हती.

त्याचा भात्यावरचा हात थांबला. “मंग विहिरीत काय होतं?”

“रिकामा थर्मास.”

“अन् नळ्या?”

मी कमरेला हात लावून दाखवले. त्याने माझ्या कमरेकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे.

“काऊन?”

मोटारीचा उशीर, मुनीमाच्या छत्र्या, कडी हलवून पाहणे, सगळी उत्तरे माझ्याजवळ तयार होती. मी म्हणालो, “तुमचा भरोसा नव्हता, चाचा.”

तो बराच वेळ पातेले फिरवत राहिला. कल्हई एका जागी जाड बसली होती, ती त्याने कापसाने पुसून सारखी केली. मग म्हणाला, “बुढी रातभर बसली होती तिथी.” आणि थोड्या वेळाने, “मी गावभर सांगून आलो का दवा मी सांभाळली. आता मले काय म्हणतीन?”

त्याने पडद्याकडे वळून बायकोला सांगितले. आतून ती एकच वाक्य बोलली. त्याने मला त्याचा अर्थ सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

नवी लस यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी रोज सकाळी डहाळे मोजले. सतराचे सव्वीस झाले. मी टोचलेल्या पण फोड न उठलेल्या पोरांपैकी दोघांना देवी आल्या. एक कुंभाराचा मुलगा, तो तोंडावर वण घेऊन उठला. एक धोब्याची पाच वर्षांची मुलगी, ती गेली. लस चांगली असती तर ती गेलीच नसती असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, डॉक्टरही म्हणाले असते की लागण आधीची असेल. पण ती माझ्यामुळे गेली नाही असेही मला म्हणता येत नाही. रजिस्टरात तिचा क्रमांक एकसष्ट आहे. चाचा त्यांच्या दारी गेला होता. मी पलीकडच्या बाजूने गेलो.

चाचाच्या नातीला काही झाले नाही. दुसऱ्या लशीचे फोड तिच्या दंडावर टपोरे उठले, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

दुसरी लस आली त्या दिवशी मोटार वेळेवर, तीन वाजून पाच मिनिटांनी आली. ड्रायव्हरने डबा माझ्या हाती दिला तेव्हा चाचा तिथे उभा होता. मी बोलावले नव्हते. दवाखान्यात बर्फ नव्हता, टोचणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती, रात्र काढायची होती. मी त्याला विचारले, विहीर मिळेल का. त्याने मान हलवली आणि पुढे चालू लागला.

अंगणात पोहोचल्यावर तो म्हणाला, “खोला.”

मी कुलूप काढले. त्याने हात धुतले, फडक्याला पुसले, नळकांडे स्वतः उघडले आणि नळ्या एकेक करून फडक्यावर मांडल्या. पोरीला त्याने म्हातारीकडे धरायला दिले होते. म्हातारी या वेळी पडद्याबाहेर आली होती आणि पदर ओढून उभी राहून पाहत होती. त्याने मोजल्या. तीस. मी म्हटले, तीस. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग तितक्याच हळू त्या परत भरल्या, नळकांडे थर्मासात, थर्मास डब्यात, आणि कुलूप लावून दोनदा ओढून पाहिले. म्हातारीने डब्याला ओले गोणपाट गुंडाळले, दोरी बांधली, विहिरीत सोडला, आणि रहाटाच्या खांबाजवळ जाऊन बसली. मी तिच्यापासून थोडा दूर, विहिरीच्या दुसऱ्या बाजूला बसलो. मला तिथे बसू नको असे कोणी म्हटले नाही.

किल्ली मात्र चाचाने मला परत दिली नाही. ती त्याने स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

“सकाळी देतो,” तो म्हणाला, आणि आत गेला.